रूपराव कंडक्टरची पाटी

आर्वी डेपोतल्या रूपराव कंडक्टरचं तोंड कधी बंद नसे. तिकीट फाडता फाडता तो कोणाच्या पोरीचं लग्न जुळवी, कोणाचं भांडण सोडवी. आर्वी-वर्धा रस्त्यावरची माणसं त्याची गाडी यायची वाट पाहत.

घरी मात्र त्याच्या बोलण्यापुढे बायकोला तोंड उघडायला जागा मिळाली नाही. कोणी रुख्माबाईला काही विचारलं, की हा आधीच म्हणे, "तिले काय विचारता? मले विचारा." तिचा भाऊ वारला तेव्हा शेवटच्या घडीला तीच त्याच्या उशाशी होती. दुखवट्याला बसायला आलेल्या बायांना ती ते सांगायला लागली आणि रूपरावनं बाहेरूनच गोष्ट आपल्याकडे घेतली. त्या घडीला तो तर तिथं नव्हताही. रुख्माबाईला नुसतं रडायला मिळालं.

रिटायर झाल्यावर एका सकाळी दाढी करता करता रूपराव आरशासमोरच कोसळला. उजवं अंग गेलं. वाचा गेली. समजत सगळं होतं, पण तोंडातून "बा, बा" याच्यापलीकडे काही निघत नव्हतं.

वर्ध्याच्या दवाखान्यात अंकिता नावाची मुलगी त्याला बोलण्याचे धडे द्यायची. शब्द येईनात तेव्हा तिनं त्याच्यापुढे पाटी ठेवली आणि डाव्या हातात खडू दिला. "काका, बोलू नका. काढा." आधी नुसत्या रेघोट्या उमटल्या. मग कप आला, कपावर वाफ आली. पंखा आला. पाय दुखतो तर पाय, आणि त्यात रुतलेला काटा. रूपराव आता चित्रांतच विचार करू लागला. मुलगा रोशन पुण्याला होता. त्याची आठवण आली की रूपराव त्याच्या मोटरसायकलचं चित्र काढी. अंकितानं पाटी रुख्माबाईच्या हाती दिली. "काकू, आता तुम्हीच यांचा आवाज."

पहिल्यांदा चुकलं ते खरंच चुकून. त्यानं खिडकी काढली होती, तिला पेटी वाटली. तो चिडून "बा, बा" करत राहिला आणि ती पाहत राहिली. हा माणूस तिच्या एका शब्दासाठी अडून बसला होता. त्या दिवसापासून तिला चित्रं कळायची, पण ती कळू द्यायची नाही. त्यानं पंखा काढला की पांघरूण घाली. मोटरसायकल काढली की म्हणे, "चष्मा पायजे काय? थो तं डोळ्यावरच आहे."

सेवेत मात्र कसूर नव्हती. आंघोळ, जेवण, औषध सगळं वेळेवर. पडून पडून पाठीला एकही जखम होऊ दिली नाही. मोहल्ल्यातल्या बाया सुनांना तिचा दाखला देत.

एकदा नत्थूजी भेटायला आला. रूपरावच्या गाडीचा जुना ड्रायव्हर. त्याला पाहताच रूपरावनं पाटी ओढली आणि भराभरा काढू लागला. बस, स्टेअरिंगवर एक माणूस, घंटीच्या दोरीला हात घातलेला दुसरा. नत्थूजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्यानं पाटी रुख्माबाईपुढे धरली.

"काय काढून राह्यला हा, वहिनी?"

बसची चाकंसुद्धा स्पष्ट दिसत होती.

"घर," ती म्हणाली. "रोज घरच काढते. आता कोणाले ओळखत नाई, भाऊजी."

रूपराव पाटीवर बोट आपटत होता. नत्थूजीनं त्याच्या डोक्यावरून लहान पोरासारखा हात फिरवला, डोळे पुसले आणि निघून गेला. रूपरावचं डोकं गेलं, असं डेपोत पसरलं. त्यानंतर कोणी आलं नाही.

मग कितीतरी दिवस पाटी कोरी होती. एका दुपारी त्यानं स्वतःहून मागितली. डोक्यावर पदर, हातात बांगड्या अशी बाई काढली. तिला तोंड काढलं नाही. शेजारी माणूस काढला, नुसतं तोंडच असलेला. त्या तोंडावर त्यानं फुली मारली, खडू मोडेपर्यंत. मग पाटी तिच्यापुढे सरकवली आणि रडू लागला.

रुख्माबाई खूप वेळ पाहत बसली. तिचा हात त्याच्या खांद्याकडे गेला, आणि थांबला. आता? आता काऊन, कशाले?

"मडकं काढलं काय?" ती म्हणाली. "तहान लागली असन."

तिनं पदरानं पाटी पुसली आणि पाणी आणलं. त्यानं मान फिरवली. घोट गिळेपर्यंत तिनं गिलास त्याच्या ओठांना लावून धरला.

दिवाळीला रोशन आला. "आई, पाटी कुठं आहे?"

"कंटाळले ते पाटीले."

रूपरावनं डावा हात उचलला आणि हवेतच दोन चाकं काढू लागला. पुन्हा पुन्हा तेच. रोशननं तो थरथरणारा हात आपल्या हातात धरला. "बाबाले थंडी वाजून राह्यली काय?"

"हो, वाजते त्याईले," रुख्माबाई म्हणाली. आतून शाल आणून तिनं रूपरावच्या दोन्ही हातांवरून घातली आणि कडा गादीखाली घट्ट खोचल्या.