पेल्याखालचा ढब्बू पैसा

वाशीमच्या बाजाराजवळ एक खानावळ होती. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा असेन. आमचा भाजीचा मळा होता. बाजाराच्या दिवशी काका आणि मी गाडीत वांगी-मिरच्या घालून वाशीमला जायचो आणि माल विकला की त्या खानावळीत जेवायचो. पैसा काकांच्या हातात असे. मला वरखर्चाला चार-दोन पैसे मिळत.

त्याआधी एकदा मी अकोल्याला गेलो होतो. तिथल्या हॉटेलात उठताना गिऱ्हाइकानं बशीखाली नाणं ठेवलं आणि वाढणाऱ्यानं त्याला सलाम केला, हे मी पाहिलं. खरं सांगायचं तर मला तो सलाम आवडला. म्हणून एका बाजारी, काका हात धुवायला गेले तेव्हा, मी पाण्याच्या पेल्याखाली एक ढब्बू पैसा सरकवला.

वाढपी चाळिशीचा, सडपातळ माणूस होता. पेला उचलून तो थबकला.

“हे काय बाप्पा?”

“बक्षीस.”

“जेवले तुमी अन् दक्षिणा मले? उलटंच करून राह्यले!”

हसत त्यानं नाणं धोतराच्या कनवटीला खोवलं. सलाम काही केला नाही.

पुढच्या बाजारी माझ्या वरणावर तुपाची दुसरी पळी पडली. शेजारच्याला एकच. मग ते ठरूनच गेलं. एकदा माझ्याजवळ पैसा नव्हता, मी मान खाली घालून जेवलो, तरी पळी आलीच. हे बक्षीस, लाच की नुसती ओळख, मला कळेना. तूप मालकाचं आहे, एवढी गोष्ट मात्र मी मनात येऊ देत नव्हतो.

पुढे एका बाजारी तर मी ढब्बू आधीच, तो पाणी ओतत असताना, त्याच्या हातात ठेवला. काका बाहेर बैलांना पाणी दाखवत होते. ते येऊन पाटावर बसले. वाढपी तूप घेऊन आला आणि माझ्या वरणावर दुसरी पळी धरली, तेव्हा पलीकडचा गाडीवान ओरडला, “काहून बावा, आमच्या वरणानं काय पाप केलं?”

पंगत हसली. मालक गल्ल्यावरून उठून आला. वाढपी घाईनं गाडीवानाकडे वाकला आणि कनवटीचा ढब्बू फरशीवर पडला. तांब्याचं जाड नाणं, चांगलं खणखणीत वाजलं.

“माहं तूप इकून राह्यला काय तू?” मालक म्हणाला. “का गल्ल्यातून उचलला?”

“गल्ल्याले मी हात नाही लावला. यायनं देल्ला, खुशीनं.” त्यानं माझ्याकडे बोट केलं.

मालक माझ्याकडे वळला. “काहो, तुमी देल्ला?”

काकांचा घास हातातच राहिला. जेवणाच्या दामापेक्षा जास्त पैसा देणं त्यांच्या लेखी उधळपट्टी होती, आणि तीही त्यांच्याच पैशानं. ते चार लोकांत बोलले असते. मला फक्त तेवढं टाळायचं होतं.

“नाही बा,” मी म्हणालो.

वाढप्यानं तुपाचं भांडं खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं, पण रागानं नाही. एखाद्याचा चेहरा आठवत नसावा तसं. “मंग मीच उचलला असन,” म्हणाला, खुंटीवरचा सदरा काढला आणि निघून गेला. मालकानं ढब्बू गल्ल्यात टाकला. मी दुसऱ्या पळीसकट ते वरण संपवलं.

पुढच्या बाजारी तिथं दुसरा माणूस वाढत होता. पहिल्याची चौकशी केली. हिंगोलीकडच्या गाडीत बसला, एवढंच कोणीतरी सांगितलं. काकांना मी खरं सांगितलं ते चार वर्षांनी. ते म्हणाले, “ओरडलो असतो. अजून काय केलं असतं?”

मालक तुपाबद्दल रागावला, त्यात त्याचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. चोरीचा आळ मात्र माझ्या एका शब्दानं पुसला गेला असता.

आता मी पंचेचाळिशीचा आहे. हॉटेलात बक्षीस द्यायचं असलं की जेवण झाल्यावर देतो, आणि गल्ल्यावरच्या माणसाला हाक मारून सांगतो, “याले मी देऊन राह्यलो, पाहून ठेवा.” वाढणारा ओशाळतो, माझी मुलं दुसरीकडे बघतात. परवा एका वाढणाऱ्यानं विचारलंच, “दोन पैशासाठी एवढ्या मोठ्यानं कायले ओरडता, दादा?”

मी त्याला खाली बसवून हे सगळं सांगणार होतो. पण त्याला आतून हाक आली, आणि तो गेला.