नवरीच्या गाडीचा शाफ्ट

चहा घ्या, पण घोट गिळून झाल्यावरच ऐका, उगाच ठसका लागायचा. माझ्या सख्ख्या भाचीच्या लग्नात मी जो पराक्रम केलाय ना, तो आमच्या घरात माझ्यासमोर कुणी काढत नाही. पाठीमागे रोज काढतात.

तर आमच्या अण्णांची, म्हणजे वडिलांची, एक जुनी गाडी आहे. फिकट निळी, लांबुळकी, इंजिन पुढं आणि जोर मागच्या चाकांना, अशा जमान्यातली. माझी भाची प्राजू लहानपणी आजोळी आली की गाडीच्या मागच्या सीटवर झोपायची. साखरपुड्याला मला रजा मिळाली नव्हती; तिथंच तिनं जाहीर करून टाकलं की ती कार्यालयात येणार ती याच गाडीतून, आणि चालवणार मामा. अण्णांनी लगेच मान डोलावली. अडचण एवढीच होती की गाडीचा गिअरबॉक्स केव्हाच फुटला होता आणि गाडी चऱ्होलीला आमच्या घरामागं शेवग्याखाली उभी होती. मागच्या सीटवर मांजर व्यायली होती.

ताई म्हणाली, भाड्यानं आणू एखादी. दाजींच्या मित्राची वाकडला पांढरीशुभ्र गाडी होती, तो फुलांसकट द्यायला तयार होता. मी म्हणालो, जमणार नाही. पोरीला शब्द दिलाय, गाडी चालणार.

आता मी चाकणला कंपनीत आहे तो स्टोअरमध्ये. गाडीचे पार्ट मी मोजून देतो, बसवत नाही. पण मिठाईच्या दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्यालाही काही दिवसांनी वाटायला लागतं ना, की आपल्याला जिलेबी जमेल? तसं माझं झालं होतं.

कुदळवाडीच्या भंगारात एक गिअरबॉक्स सापडला. आमचा चार गिअरचा, हा पाचचा. रविवारमागून रविवार गाडीखाली उताणा पडून मी तो बसवला. इंजिनाला असा चपखल बसला की मी मनातल्या मनात हारतुरेही स्वीकारले. मग लक्षात आलं, नवा बॉक्स शेपटीकडं लांब आहे, आणि आता शाफ्ट मावत नाही.

शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सचा जोर मागच्या चाकांकडं नेणारा लांब लोखंडी दांडा. त्याचं पुढचं टोक बॉक्सच्या शेपटीत नुसतं सरकवलेलं असतं, म्यानात तलवार घालावी तसं. चाक खड्ड्यात वरखाली झालं की ते आतबाहेर सरकतं. बॉक्स लांब झाला, तर शाफ्ट तेवढा आखूड करून घ्यायचा. सोपं आहे. फक्त माप चुकता कामा नये, नाहीतर तलवार म्यानाबाहेर.

माप मी स्वतः घेतलं. घरात टेप होता अण्णांचा, त्याचा पहिला इंच कधीच तुटून गेलेला. मला ते माहीत होतं. म्हणून जे माप आलं त्यातून मी एक इंच वजा केला, स्वतःच्या हुशारीवर खूश झालो, आणि अण्णांना फोन केला. अण्णा तेव्हा पिंपरीत यासीनभाईंच्या लेथवर बसले होते. यासीनभाई म्हणजे अण्णांचे कंपनीतले जुने दोस्त, आता स्वतःचं वर्कशॉप आहे. मी माप सांगितलं, अण्णांनी ते पुढं सांगितलं, यासीनभाईंनी शाफ्ट कापला, जोडला, फिरवून तपासला. काम एक नंबर. मी नेऊन बसवला तर लोण्यात सुरी जावी तसा गेला.

इतका सहज कसा गेला, ही शंका कुणालाही यायला हवी होती. मला अभिमान वाटला.

घरापुढच्या रस्त्यावर गाडी पुढं-मागं फिरवून बघितली. झकास. मांजरीचं बिऱ्हाड हलवलं, सीट धुतल्या, बॉनेटला झेंडूच्या माळा बांधल्या आणि लग्नाच्या दिवशी दुपारी पुनावळ्याला ताईच्या घरी हजर झालो. मुहूर्त गोरजाचा होता, कार्यालय चऱ्होलीच्या अलीकडं. बाकी सगळे पुढं गेले. मागं राहिलो मी आणि शालूत नटलेली प्राजू. हायवेला पाचवा गिअर टाकला तेव्हा ती म्हणाली, "मामा, मानलं तुला." मला खरंच भरून आलं हो.

मोशी ओलांडली आणि जातानाच्या बाजूला नव्हता असा एक उंच स्पीडब्रेकर लागला. पुढची चाकं गेली. मागची चढली, उतरली, आणि गाडीखाली लोखंडी घंटा बडवल्यासारखा आवाज झाला. इंजिन चालू, गिअर पडतोय, गाडी ढिम्म. वाकून बघितलं तर शाफ्टचं पुढचं टोक रस्त्यावर टेकलेलं आणि बॉक्समधून तेलाची धार.

अण्णांना फोन लावला. झालं ते सांगून विचारलं, माप बरोबर सांगितलं होतं ना?

"बरोबर म्हंजे? टेप तुटका हाय हे तुझ्या ध्यानात ऱ्हायचं न्हाई, म्हणून यासीनला मी एक इंच कमीच सांगितला."

तेवढ्यात शेजारून यासीनभाईंनी फोन घेतला. "अरे भावा, अण्णांचा टेप मला काय नवा आहे का? एक इंच तर मीच काढला."

तुटलेला इंच एकच, आणि आम्ही तिघांनी मिळून तो तीनदा कापला होता.

कॅब लावली तर एक यायची आणि कॅन्सल व्हायची. एवढ्यात चाकणहून पहिल्या शिफ्टची पोरं घेऊन एक कंपनीची बस आली. झेंडूची गाडी आणि रस्त्याकडेला शालूतली नवरी बघून ड्रायव्हरनं आपणहून ब्रेक मारला. पन्नाशीचा माणूस, पांढरा सदरा, झुपकेदार मिशा. मी सगळं सांगितलं, तर त्यानं पोरांना विचारलं, सोडायचं का पोरीला? अख्खी बस हो म्हणाली. मी ड्रायव्हरचा नंबर घेऊन ठेवला. प्राजू शालू सावरत चढली, खिडकीतून म्हणाली, "मामा, तूपण चल ना."

इथं शहाण्या माणसानं काय केलं असतं? बसमध्ये बसला असता. मी म्हणालो, "तू हो पुढं. अण्णांची गाडी रस्त्यात टाकून येत नाही मी. घेऊनच येतो."

आणि नवा कुर्ता घालून शिरलो गाडीखाली. शाफ्ट ढकलला, बसला. दोन पावलं गाडी गेली, निसटला. पुन्हा ढकलला. तेल बाहीत शिरलं, मग कानात. शेवटी शाफ्ट पूर्ण काढून गाडीत टाकला, आणि कोथिंबिरीच्या एका रिकाम्या टेम्पोला दोर बांधून गाडी ओढत नेली.

तिकडं काय झालं ते मला ताईनं नंतर सांगितलं. बस पोचली, पोरांना आग्रह करून आत नेलं. गुरुजींनी माइकवरून पुकारलं, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे. एकदा, दोनदा. आता कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरला पोरं रोज मामाच म्हणतात की. सगळी पोरं एका सुरात म्हणाली, "मामा, चला, तुम्हाला बोलावतायत!" त्या भल्या माणसाला वाटलं, आपण आणली तर पोचवायचीही आपणच, हीच रीत असेल. मुहूर्त टळायला आलेला. ताईनं अण्णांकडं बघितलं, अण्णा म्हणाले, "असू दे, हुभं राहा." ड्रायव्हरनं प्राजूला हात धरून आणली, मंगलाष्टकं होईपर्यंत मागं उभा राहिला, आणि मामाचा मान म्हणून फेटा, शाल, श्रीफळ घेऊन डोळे पुसले.

मी पोचलो आणि यासीनभाईंना दाखवायला शाफ्ट खांद्यावर घेऊन आत निघालो, तेव्हा जेवणं चालू होती. दारात एक भारदस्त गृहस्थ उभे होते. खांद्यावरचा शाफ्ट बघून प्रेमानं म्हणाले, "मिस्त्री, ते मागच्या बाजूला ठेवा, हात धुवा आणि जेवून जा बरं का." हे प्राजूचे सासरे. नंतर पंगतीत माझ्याशेजारी येऊन बसले. त्यांच्या गाडीच्या खालूनही कसलासा आवाज येत होता म्हणे. माझा नंबर मागितला. त्या अवतारात मी नवरीचा मामा आहे हे सांगायची मला लाज वाटली. नंबर दिला.

मग प्राजूनं सासरी खरं सांगितलं नाही का? सांगितलं ना. पण त्यांना वाटलं, पोरगी संस्कारी आहे, मेकॅनिकलासुद्धा मामा म्हणते.

दिवाळीत सासऱ्यांचा फोन आला. आवाजात नुसता जिव्हाळा.

"मिस्त्री, फराळाचा डबा पाठवायचाय. आमच्या सूनबाईंच्या मामांचा नंबर आहे का तुमच्याकडं?"

होता माझ्याकडं, त्या बसवाल्या मामांचा. दिला.