साडूच्या पोराचं वीड

आधी चहा घ्या आणि निवांत बसा. हे ऐकून झाल्यावर तुमच्यापैकी कोणी माझ्या दुकानात पाऊल टाकणार नाही, म्हणून निदान चहा तरी पाजतो. भिसेगावात माझं चष्म्याचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. लोकांना जे दिसत नाही ते दाखवायचं, हा माझा धंदा. आणि याच धंद्यातल्या माणसानं काय माती खाल्ली, ते आता ऐका.

मला एक साडू आहे, वसंतराव. साडू काय, सगळ्यांनाच असतात. पण माझ्या साडूला सुजित नावाचा मुलगा आहे आणि सगळी अडचण तिथे आहे.

आमच्या घरात चहात साखर कमी पडली तरी बायकोच्या तोंडून सुजितचं नाव निघतं. 'सुजितनं ताईला मिक्सर आणला.' 'सुजित पहाटे उठतो.' आमचा अथर्व कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. तो भरदुपारी झोपा काढतो, हे ती बोलत नाही, पण सुजितच्या पहाटेत ते आलंच. मग मी चिडून अथर्वलाच विचारतो, तू का नाहीस तसा? मी दुसऱ्याचं बरं बघू शकत नाही असं नाही हो. फक्त साडूचं बघवत नाही.

तर झालं काय, अथर्वच्या कॉलेजात पालकांना बोलावलं होतं. एक डॉक्टर आले होते, विषय तरुण मुलं आणि गांजा. मी आपला मागच्या बाकावर. डॉक्टर म्हणाले, "मुलं आता गांजाला गांजा म्हणत नाहीत. वीड म्हणतात. झाडपाला आहे, त्यानं काही होत नाही, असंही म्हणतात. पण या वयात मेंदू अजून घडत असतो. विसरभोळेपणा येतो, अभ्यासात लक्ष लागत नाही, छातीत धडधडतं. काहींना तर उगाच संशय येऊ लागतो, सगळं जग आपल्याविरुद्ध आहे असं वाटतं." मग ओळखायचं कसं, तेही सांगितलं. डोळे लाल होतात, मधूनच राक्षसी भूक लागते, माणूस कारण नसताना हसत बसतो.

बाकीचे पालक आपापल्या पोरांचा विचार करत घरी गेले. मी कोणाचा विचार करत घरी गेलो असेन? बरोबर. अथर्वचे डोळे लाल असायचे, नाही असं नाही. पण ते मोबाइलमुळे. मी त्याला चांगल्यातली काच घालून चष्मा करून दिला होता, डोळ्यांत घालायचे थेंबही आणून दिले होते. घरचाच तज्ज्ञ म्हटल्यावर काय!

दसऱ्याला आम्ही सगळे साडूकडे गेलो, खालापूरच्या पलीकडे त्यांच्या गावी. सुजितनं टेंपो घेतला होता, त्याची पूजा. अंगणात टेंपो, त्याच्या शेजारी कोयते, फावडी, कसलंसं लांब दांड्याचं यंत्र, सगळ्यांना झेंडूचे हार. "भाऊजी, मान तुमचा," म्हणून ताईंनी, म्हणजे सुजितच्या आईनं, नारळ माझ्या हातात दिला. मी सगळ्यांना कुंकू लावलं आणि नारळ फोडला. टेंपो बघून पोटात जे दुखत होतं, ते सगळं त्या नारळावर काढलं. एका फटक्यात फुटला.

हात धुवायला घरामागे गेलो, तर पडवीत सुजित फोनवर.

"शेठ, वीडचं टेन्शन नका घेऊ. शनिवारी पार्टी हाय ना तुमची? शुक्रवारीच येतो. त्या साईडच्या सगळ्या फार्महाऊसला मीच करतो. पोरं हायत माझी."

माझ्या हातातला तांब्या तिथेच थांबला. सुजित वळला. डोळे लालभडक. मोबाइल बघून एकटाच हसला आणि आत जाऊन आईला म्हणाला, "आये, लय भूक लागलीय गं, आधी वाढ."

आता खरं सांगतो, लपवत नाही. त्या क्षणी मला काळजी वाटायला हवी होती. मला आनंद झाला. इतका आनंद मला अथर्व बारावी पास झाला तेव्हाही झाला नव्हता.

पंगत बसली. पुरणपोळी, कटाची आमटी, शेजारपाजारचे पाहुणे. सुजित समोर बसून पोळीमागून पोळी संपवत होता आणि मी मनात म्हणत होतो, खा, खा. शेवटी राहवेना. मी घसा खाकरला.

"वसंतराव, सुजित वीडच्या धंद्यात आहे, हे तुम्हाला माहीत आहे?"

"म्हंजे काय? मीच तर घालून दिला त्याला."

माझ्या हातातला घास पडला. "तुम्ही?"

"मग? त्यो बोलला, बाबा, फार्महाऊसवाल्यांना लय गरज हाय. म्हटलं कर. हप्ते चालू हायत, काय त्रास नाय."

"हप्ते? पोलिसांना?"

"पोलिसांना कशाला? ब्यांकेला."

बँकही सामील! मी बायकोकडे पाहिलं. तिनं डोळ्यांनी गप्प बसा सांगितलं. मी काय गप्प बसतो?

"आणि ताईंना हे चालतं?"

ताई वाढता वाढता म्हणाल्या, "मला मशीन नाय जमत, भाऊजी. मी आपली हातानंच करते. सासूबाईंनी शिकवलं. त्यांचा जनम त्यातच गेला."

भिंतीवर सासूबाईंचा फोटो होता. पदर डोक्यावर, कपाळाला मोठं कुंकू. मी त्या माउलीकडे बघतच राहिलो.

"वसंतराव," माझा आवाज चढला, "चार लोकांत बोलायला नको, पण बोलतो. तुम्ही सगळं घर गांजात घातलंत!"

एका पाहुण्यानं आमटीची वाटी तोंडाशी धरली होती, ती तशीच राहिली. वसंतरावांचा चेहरा उतरला. या माणसाला मी वीस वर्षं हेवा करत पाहिलं होतं, कधी असं मान खाली घातलेलं पाहिलं नव्हतं. आणि कशी कोण जाणे, मला ते बघायला मजा वाटेना.

सुजित शांतपणे उठला. अंगणातून ते लांब दांड्याचं, हार घातलेलं यंत्र घेऊन आला.

"काका, ह्ये वीड कटर. वीड म्हंजे तण. पावसानंतर फार्महाऊसला गवत माजतंय, त्ये आमी काढतो. शेठ लोकांना गवत काढतो बोललं की मजुरी देतात. वीड काढतो बोललं की मान देतात. डोळ्यांत कचरा उडतो, म्हून लाल हायत. आन् आत्ताच तुमी कुंकू लावलं की हिला."

सगळे हसले. ताई हसल्या, पाहुणे हसले, आमटीवाल्याला ठसका लागला. वसंतराव मात्र हसले नाहीत. म्हणाले, "जाऊ द्या. जेवा." त्या 'जेवा'नं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी माफी मागितली आणि बाहेर टेंपोपाशी जाऊन उभा राहिलो. मागून सुजित आला, हळूच म्हणाला, "काका, त्ये दुसरं वीड तुमाला कुनी सांगितलं? अथर्व बोलला काय?"

"अथर्व? त्याचा काय संबंध?"

सुजितनं जीभ चावली. पण शब्द तर सुटला होता.

मग त्यानं सगळं सांगितलं. जुलै महिन्यात एका फार्महाऊसच्या मागे गवत काढताना त्याला अथर्व सापडला, दोन मित्रांसोबत. रोज ओढायचा. एका संध्याकाळी छातीत इतकं धडधडलं की मरतोच म्हणून रडत त्यानं सुजितला फोन केला. सुजित रात्रभर त्याच्याजवळ बसला; आम्हाला वाटलं होतं, अथर्व मित्राकडे अभ्यासाला राहिलाय. तेव्हापासून सकाळी कामावर घेऊन जातो, म्हणजे त्या पोरांपासून तो लांब राहतो. मला वाटायचं, पोरगा सकाळचा क्लास करून येतो, म्हणून दुपारी झोपतो.

"महिना झाला, हात नाय लावला त्यानं," सुजित म्हणाला. "पन झोप नाय त्याला, चिडचिड लय करतो. डाक्टरकडं न्यायला पायजे. मी नेलं असतं, पन त्ये बापानं न्यावं. तुमाला सांगनारच होतो, त्यो नको बोलायचा."

आता तुम्ही म्हणाल, बापाला राग आला असेल, रडू आलं असेल. आलं, नंतर आलं. आधी काय आलं ते सांगू? मी जळलो. माझ्या पोरानं मरायच्या भीतीनं फोन लावला, तो सुजितला. टेंपोचं दुःख मी गिळलं असतं हो, हे गिळता येईना.

घरी येताना मी अथर्वला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बाबा, तुम्ही मला एकच विचारता. सुजितदादासारखा का नाहीस. त्यामुळे त्यालाच विचारलं, कसं व्हायचं."

मी चष्मा काढून पुसला. काच स्वच्छच होती.

दोन दिवसांनी आम्ही तिघं त्याच डॉक्टरांकडे गेलो. मध्ये मी, एका बाजूला अथर्व, दुसरीकडे ही. दोन रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. डॉक्टरांनी एकदा तिघांकडे पाहिलं आणि माझ्याशीच बोलायला सुरुवात केली.

"डोळे लाल दिसतायत. झोप लागत नाही?"

"नाही."

"उगाच संशय येतो? लोक आपल्यापुढे चाललेत, आपल्यावर हसतायत, असं वाटतं?"

"वाटतं."

"कधीपासून?"

"डॉक्टर," मी घाईनं म्हणालो, "पेशंट हा आहे. मी बाप."

"असू द्या, डॉक्टर," बायको शांतपणे म्हणाली, "यांचंही बघाच. यांना साडूचं व्यसन आहे. वीस वर्षं झाली, सुटत नाही."

अथर्व कितीतरी महिन्यांनी खदखदून हसला. मी त्याच्याकडे बघतच राहिलो, आणि या वेळी हसण्याचं कारण मला नीट माहीत होतं.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी पेन उघडलं आणि मला विचारलं, "दिवसातून किती वेळा?"