नामावळीचा पेनड्राइव्ह

आम्ही पंचवटीतले तीर्थोपाध्ये. यजमान श्राद्धाला आला की त्याच्या पूर्वजांची नावं आमच्या वहीतून काढून द्यायची, हे घराण्याचं काम. वाळवीनं वह्यांची चाळण केली तेव्हा मी तीन वर्षं खपून सगळी नामावळी लॅपटॉपवर उतरवली आणि वह्या रीतीप्रमाणे गोदावरीत सोडल्या. रद्दीत थोड्याच घालणार?

पुढे लॅपटॉप म्हातारा झाला, नवं विंडोज त्याला झेपेना. पुण्याहून मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, विंडोज काढून लिनक्स टाका. जुन्या मशीनवरही पळतं."

पळतं म्हणे! लॅपटॉप कोरा करावा लागणार म्हणून नामावळी आधी एका पेनड्राइव्हवर घेतली आणि तो कुंकू लावून देवघरात ठेवला. तशाच दुसऱ्या काळ्या पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकलं. तर वायफाय गायब! आत वायफायचं कार्ड आहे, हेच त्याला पटेना. मुलगी म्हणे, ड्रायव्हर डाउनलोड करा. अगं, नेटच नाही तर करू कशावरून, कपाळ माझं? कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून त्याच पेनड्राइव्हवर दुसऱ्या प्रकारचं लिनक्स भरून आणलं. वायफाय आलं, पण टचपॅड मेला आणि स्क्रीन मधूनच काळी पडायला लागली. आठवडाभर हेच. सोमवारी चांदवडचे यजमान यायचे होते. त्यांचं पान झेरॉक्सवाल्याकडेच छापून घ्यावं, एवढी साधी अक्कल मला सुचली नाही. इरेला पेटलो होतो ना!

रविवारी अगदी रडकुंडीला आलो. देवापुढे बसलो, लिनक्सच्या पेनड्राइव्हलाही कुंकू लावलं, दोन्ही शेजारी ठेवून हात जोडले. "देवा, आता तरी चालू दे रे." आणि त्यातला एक उचलून खिशात टाकला.

झेरॉक्सवाल्यानं विचारलं, "गुरुजी, यातलं सगळं पुसलं जाईल. पुसू ना?"

"पूस रे बाबा एकदाचं," मी म्हणालो.

तिसरं लिनक्स झकास चाललं. वायफाय, टचपॅड, स्क्रीन, सगळं. खुशीत देवघरातला पेनड्राइव्ह लावला, तर त्यात आधीचं लिनक्स! तसाच झेरॉक्सवाल्याकडे पळालो. त्यानं नाना खटपटी केल्या, पण नामावळीतलं एक अक्षर परत आलं नाही. घरी येऊन बायकोसमोर ओक्साबोक्शी रडलो.

सोमवारी चांदवडचे म्हातारे शेतकरी पाटावर बसले. वडिलांचं नाव त्यांनी सांगितलं, आजोबांचं सांगितलं, आणि तिसऱ्या पिंडापाशी माझ्या तोंडाकडे बघत थांबले. मी मान खाली घातली. "काका, पणजोबांचं नाव तुम्हीच सांगा."

"मला कुठं ठावं, गुरुजी?" ते म्हणाले. "तुमच्या वहीत हाय म्हणून आमच्यात कोणी ध्यानात ठेवलंच नाय."