रुचिताची बस आणि मागे आमची गाडी

गेल्या शनिवारी सकाळी मी एका बसचा पाठलाग केला. तोही शेजाऱ्याच्या भल्यामोठ्या गाडीत बसून, ठाण्यातल्या आमच्या बाळकुमपासून... आधी कारण सांगतो.

जनार्दनशेठ आमचे शेजारी, मूळचे बाळकुमचेच. वडिलांची भातशेती होती, आता तिथे टॉवर उभे आहेत. त्यांची मुलगी रुचिता यंदा बारावी झाली आणि तिला ठाणे पूर्वेच्या एका कॉलेजात बीएस्सीला सीट मिळाली. तिला हवा होता तोच विषय, मायक्रोबायोलॉजी.

अडचण एकच. शाळा, क्लास, मैत्रिणीचा वाढदिवस... ही मुलगी आजवर सगळीकडे घरच्या गाडीने गेलेली. शेठचं म्हणणं, "रोज पूर्वेला गाडी कोण नेणार? आणि एकटी जायची तिला सवय नाय. मंग घराजवळ कॉमर्स करू दे." सीट पक्की करायची मुदत सोमवारपर्यंत होती. रुचिता दोन दिवस धड जेवली नव्हती.

मी स्वतः डिग्रीवाला नाही. लिफ्टच्या कंट्रोल पॅनलचं काम मी मॅन्युअल वाचून आणि हाताला चटके खाऊन शिकलो. आज माझ्या वर्कशॉपमध्ये डिप्लोमावाली मुलं काम करतात, आणि याचा मला अभिमान आहे. शेठ मला चिडवायला 'इंजिनेर' म्हणतात. म्हणू देत.

तर या इंजिनेरने तोडगा काढला. कुठलंही पॅनल साइटवर बसवण्याआधी आम्ही ते वर्कशॉपमध्ये चालवून बघतो. तसंच रुचिताने एकदा एकटीने कॉलेजपर्यंत जाऊन यायचं. जमलं तर बीएस्सी, नाही जमलं तर कॉमर्स. शेठ मानेनेच हो म्हणाले.

मग मी तिला व्हॉट्सॲपवर सगळा मार्ग लिहून पाठवला. सुटे पैसे कुठल्या कप्प्यात ठेवायचे, बसमध्ये कुठल्या बाजूला बसायचं, स्टेशनला उतरल्यावर कुठल्या जिन्याने पूल चढायचा... तिचं उत्तर आलं, "काका, श्वास कधी घ्यायचा तेही लिहा ना." मी दुर्लक्ष केलं.

शनिवारी ती बसमध्ये चढली आणि लगेच शेठ माझ्या दारात हजर, हातात गाडीची चावी. "चला इंजिनेर, लांबूनच बघू. तिला कळणार नाय." मी तत्त्व म्हणून विरोध केला... आणि मग सीटबेल्ट लावला.

कापूरबावडी नाक्यापर्यंत सगळं माझ्या मेसेजप्रमाणे. आणि तिथे बस बंद पडली! लोक भराभरा खाली उतरले, रुचिताही उतरली. खरं सांगतो, हे मी लिहिलंच नव्हतं.

ती फोन काढून बघत होती. बहुतेक माझाच मेसेज असावा. शेठनी दार उघडलं, "बास झालं, घेतो तिला गाडीत." मी त्यांचा दंड धरला. "शेठ, पाच मिनिटं थांबा. आत्ता गेलात तर तिची सीट गेली."

तिने फोन बॅगेत टाकला. शेजारी बसमधूनच उतरलेल्या एक बाई उभ्या होत्या, त्यांच्याशी काहीतरी बोलली. दोघी रस्ता ओलांडून शेअर रिक्षाकडे गेल्या आणि बसल्यासुद्धा. शेठ हळूच म्हणाले, "आयला... विचारलंन तिनं!"

पुढे स्टेशनजवळ आम्ही असे अडकलो की काही विचारू नका. पुढे टेम्पो, मागे रिक्षा, आणि रुचिता पुलावरून केव्हाच पलीकडे गेलेली. गाडी काही पूल चढत नाही. शेठनी न राहवून फोन लावला आणि अगदी घरी बसल्याच्या आवाजात विचारलं, "पोचलीस का गं?"

तेवढ्यात मागच्या रिक्षावाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. पलीकडून रुचिता म्हणाली, "बाबा, आपल्या हॉलमध्ये रिक्षा कधीपासून यायला लागल्या? बरं, घाबरू नका. आजूबाजूला काय दिसतंय ते सांगा."

आणि मग त्या मुलीने कॉलेजच्या गेटवर उभं राहून, वॉचमनला विचारून विचारून, फोनवरून आम्हा दोन बाप्यांना तिथून बाहेर काढलं. कोपरीकडून रेल्वेपलीकडे वळसा घालून आम्ही पोचलो तेव्हा ती वॉचमनशी गप्पा मारत होती. लॅब कुठल्या मजल्यावर आहे, कँटीन कधी उघडतं, सगळं विचारून झालं होतं.

शेठ म्हणाले, "चल, बस गाडीत." तर म्हणते, "नाही. काकांनी जाऊन *यायला* सांगितलंय. अजून यायचं राहिलंय." आणि गेली की पुलाकडे!

 परतताना शेठनी गाडी बाजूला घेऊन बायकोला फोन केला. "आज काय तरी गोड कर. पोरगी बीएस्सीला जाणार."

यंदा कॉलेजला जाणाऱ्या मुलांनो, मार्कांचं आणि कटऑफचं सांगणारे खूप आहेत, मी एवढंच सांगतो. पहिल्या दिवसाआधी एकदा एकटे जाऊन या. आईबाबांशिवाय, मित्रांशिवाय. एखादी बस बंद पडू दे, एखादा जिना चुकू दे. आणि अनोळखी माणसाला विचारायची लाज सोडा. मी सगळं स्वतःचं स्वतः शिकलो असं आजवर ऐटीत सांगत आलो, पण त्या मॅन्युअलमधलं न कळलेलं पान मीही कुणाला तरी विचारलंच होतं.

आणि पालकांनो, पाठलाग करायचाच असेल तर करा... पण गाडीचं दार उघडू नका.

कापूरबावडीच्या त्या अनोळखी ताई, ही पोस्ट तुमच्यापर्यंत पोचेल की नाही माहीत नाही. तुम्ही नुसती रिक्षा दाखवलीत. पोरीची तीन वर्षं मार्गी लागली. मनापासून आभार.