पावणेदोन किलो

घरात आणि दुकानात सगळे तिला ‘जपून’ म्हणत. लहानपणापासून दर दोन वाक्यांआड हाच शब्द कानावर पडायचा, म्हणून दादानेच ते नाव पाडलं. हाडांचा दुर्मीळ आजार जन्मापासूनचा. शिंक आली तरी बरगडी मोडायची. तरीही कपडे दुरुस्तीच्या त्या दुकानात, फाटलेलं बेमालूम जोडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

छाती मात्र वयात आल्यापासून वाढतच गेली. त्या ओझ्यानं पाठ वाकली, मणके चेपू लागले. चौतिसाव्या वर्षी ती मन घट्ट करून रुग्णालयात गेली. तिथला डॉक्टर हसलाच. “लोक वाढवून घ्यायला येतात, तुम्ही कमी करायला! ही हौसेची कामं, बाई. तुमच्या हाडांना झेपायचं नाही.”

शरमेनं तिनं घरीही कुणाला सांगितलं नाही. पुढची सहा वर्षं मांडीवर उशी, उशीवर छाती टेकवून तिनं मशीन चालवलं. मग एक दिवस उठताच येईना, तेव्हा वहिनीनं तिला दुसरीकडे नेलं.

तिथल्या सर्जनबाईंनी नीट ऐकून घेतलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तिच्या मानेचे एक्स-रे फोटो चार-चारदा पाहिले. टेबलावर सहा जणांनी तिला चादरीसकट अलगद सरकवलं. तरी दोन बरगड्या गेल्याच. पण शस्त्रक्रिया पार पडली.

“पावणेदोन किलो काढलं,” बाई म्हणाल्या.

जखमा भरल्या. बरगड्याही सांधल्या. पण आधार देऊन बसवलं की पाच मिनिटांत पाय बधिर व्हायचे. बाईंनी नवा फोटो उजेडात धरला.

“ओझं गेलं, पण चेपलेले मणके उभे राहत नाहीत. चार-पाच वर्षं आधी आला असतात, तर...”

“आले होते,” ती म्हणाली.

वहिनीनं चमकून तिच्याकडे पाहिलं. बाईंनी फोटो पाकिटात घातला.

दुकानातली तिची जागा महिन्याभरात दुसरीला दिली. मालकीणबाई स्वतः सांगायला आल्या, पलंगाजवळ बसल्या, रडल्या; तिनंच त्यांची समजूत काढली. त्या गेल्यावर वहिनी तिला पुसायला आली. स्पंज पिळता पिळता तिनं हळूच विचारलं, “थोडं हलकं तरी वाटतं ना गं?”

“हो,” ती म्हणाली. वहिनीला बरं वाटावं म्हणून.

मग वहिनीनं तिला कुशीवर वळवलं, फार जपून, आणि भिंतीकडे तोंड झाल्यावर तिनं डोळे मिटून घेतले.