भोसरीच्या मैदानातली ती पकड

भुताखेताच्या गोष्टी सुरू झाल्या की मी उठून जातो. आमची ही म्हणते, "तुम्ही ना, चारचौघांत कुणाला रंगू देत नाही." नाही देत! सगळी नोकरी लेथवर गेली माझी. जे मोजता येत नाही ते मला पटत नाही, आजही पटत नाही. हे लिहितोय ते फक्त एवढ्यासाठी की ही एक गोष्ट माझ्या कुठल्याच मापात बसलेली नाही.

सत्तर सालानंतरची गोष्ट. नक्की साल मुद्दाम देत नाही, त्या घरातली माणसं अजून आहेत. भोसरीत इंडस्ट्रियल इस्टेटच्या शेड संपायच्या तिथे एक मोकळं मैदान होतं. रविवारी सुट्टी, मग तिथे कंपन्या-कंपन्यांच्या कबड्डीच्या मॅचेस व्हायच्या. मी शब्बीर, तेव्हा चोवीस वर्षांचा, आमच्या टीमचा पकडीचा माणूस. समोरच्या टीममध्ये मारुती. लातूरकडून आलेला, बावीस वर्षांचा, काटक पोरगा. चढाईला आला की मासोळीसारखा निसटायचा.

त्याचं-माझं आदल्या दिवशी चहाच्या टपरीवर वाजलं होतं. कारण काय, तर मागच्या मॅचला तो माझ्या पकडीतून सुटला होता, म्हणून त्याने सगळ्यांसमोर मला बाई ठरवून "शब्बीरबी" म्हटलं. माझं डोकं फिरलं. मी त्याची कॉलर धरली आणि दहा जणांच्या देखत ओरडलो, "उद्या ये मैदानात, तुझ्या बरगड्याच मोडतो!" हे वाक्य पुढे फौजदाराने मला तीनदा वाचून दाखवलं.

तर मॅच. शेवटची दोन-तीन मिनिटं, पॉइंट सारखे. मारुती "कबड्डी कबड्डी" करत आत आला, आमच्या एकाच्या तोंडावर लाथ मारून वळला, आणि मी मागून झेप घेतली. दोन्ही हात त्याच्या छातीभोवती, बोटांत बोटं अडकवलेली. त्याने कोपर मारून माझं नाक फोडलं. रक्त तोंडात आलं. मी आणखी आवळलं. खोटं कशाला बोलू... मला त्या क्षणी त्याला दुखवायचंच होतं.

मग तो एकदम ढिला पडला.

कबड्डी खेळलेल्यांना हे ठाऊक असेल. चढाईवाले मुद्दाम अंग सोडतात, पकड सैल झाली की हिसडा मारून पळतात. मी म्हटलं, बेट्या, मला शिकवतोस? कारण दम चालूच होता ना! कबड्डी-कबड्डी-कबड्डी... स्वच्छ, एका लयीत. आणि दम चालू असेपर्यंत पकड सोडायची नसते, ही तर खेळातली पहिली गोष्ट. दम तुटला की पंचाची शिट्टी, शिट्टी झाली की हात मोकळे. शिट्टी होतच नव्हती. मी आवळत राहिलो. माझा कान त्याच्या पाठीला चिकटलेला होता, आणि मला आत्ता लिहिताना आठवतंय की त्या पाठीत काही म्हणजे काही वाजत नव्हतं, ना ठोका, ना श्वास.

किती वेळ गेला, देव जाणे. लोक मागाहून म्हणाले, एवढा दम कुणाचा टिकतच नाही.

तेवढ्यात त्याचा मोठा भाऊ गणपत मैदानात घुसला. रेघा मारायला आणलेला टिकावाचा दांडा त्याच्या हातात होता. पहिला फटका माझ्या खांद्यावर बसला, हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. दुसरा जबड्यावर. हात सुटले, मारुती तोंडावर पडला आणि उठला नाही. "मारला रं! मारला माझ्या भावाला!" मग सगळा जमाव माझ्यावर. चपला, लाथा, दगड. मी पोटाशी गुडघे घेऊन पडलो होतो आणि तोंडातले दात मातीत थुंकत होतो. आमच्या टीमने ओढून काढलं म्हणून वाचलो.

मारुती जागीच गेला होता.

मला पोलिसांनी दवाखान्यातूनच उचललं. खुनाचा संशय. आदल्या दिवशीची धमकी, दहा साक्षीदार, आणि वर माझं नाव शब्बीर... माझी आई चौकीच्या पायरीवर बसून होती. मी तर मनात कबूलच करून टाकलं होतं. छाती आवळली, माणूस मेला. अजून काय हवं?

पोस्टमॉर्टेम झालं. डॉक्टर म्हातारे होते, शांत. चौकीत येऊन, पंच आणि गणपत यांच्या देखत मला मुद्दाम समोर बसवून सांगितलं, "याच्या हृदयाला रक्त पुरवणारी नळी जन्मापासूनच भलत्या जागेवरून निघालेली होती. दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मधून गेलेली. जोरात धावपळ झाली की ती दबायची. बरगडी एकही मोडलेली नाही. हा पोरगा बस पकडताना पळाला असता तरी गेला असता." गणपतने तेव्हा रडत सांगितलं की लहानपणी शाळेत पळता पळता मारुती दोनदा चक्कर येऊन पडला होता. घरच्यांनी ऊन लागलं म्हणून कांदा हुंगवला होता.

मी विचारलं, "डॉक्टर, पण मेला कधी? मी सोडला असता तर..."

"अंग ढिलं पडलं ना? तेव्हाच शुद्ध गेली. त्यानंतर तोंडातून एक अक्षर निघणं शक्य नाही."

मी पंचाकडे बघितलं. कारण त्याने जबाबच दिला होता की दम शेवटपर्यंत चालू होता, म्हणून शिट्टी मारली नाही, म्हणून पकड नियमातली होती. पण पंच आमच्या कंपनीचा, त्याच्या शब्दाला किंमत किती! दम तुटल्यावरही मी मुद्दाम आवळत राहिलो का, एवढंच आता ठरायचं होतं, आणि ते अडलं होतं गणपतवर. तो एक खोटं बोलला असता तरी मी आत सडलो असतो. फौजदाराने विचारलं, त्याने मान खाली घालून सांगितलं, "व्हय साहेब. दम चालू व्हता. म्या ऐकला." दुसऱ्या दिवशी मला सोडलं.

बाहेर आल्यावर मी त्याचे पाय धरायला गेलो. त्याने मला ढकललं. मग मलाही राग आला. मी म्हटलं, "दम ऐकलास ना? मग दांडा का घातलास? नियमातच धरला होता मी!"

तो जाता जाता वळला. म्हणाला, "म्या समोर उभा व्हतो रं, रेघंवर. तू मागून धरलं व्हतंस, तुला त्याचं तोंड दिसत नव्हतं. मला दिसत व्हतं. तोंड मिटलेलं व्हतं त्याचं. दातावर दात. आन आवाज चालूच... मला वाटलं, ह्यो आवाज थांबत न्हाई तोवर तू सोडायचा न्हाईस. म्हणून घातला."

"मग आवाज कुणाचा होता?"

"मारुतीचाच. भावाचा आवाज वळखंना व्हय मला?"

त्यानंतर मी मैदानात पाय ठेवला नाही. वयाची सत्तरी ओलांडली. कितीतरी डॉक्टरांना विचारलं, सगळे हसून विषय बदलतात. त्या आवाजाने मला तुरुंगापासून वाचवलं, हे खरं. पण तो थांबला असता तर मी हात सोडले असते, निदान मेलेल्या पोराला आवळत तरी बसलो नसतो... हेही तेवढंच खरं. तो आवाज मला वाचवत होता की माझ्याकडून ते आवळणं करून घेत होता, मला कळलेलं नाही.